भोपळा, नाताळ आणि माझी निर्जळी

माझ्या हातून आजवर जी लहानमोठी पापे घडली, त्यांपैकी बहुतेकांना काही ना काही कारण होते. एका पापाला मात्र भोपळ्याखेरीज दुसरे कारण मला सापडलेले नाही, आणि पन्नाशी उलटल्यावर भोपळ्याकडे बोट दाखवणे शोभत नाही. म्हणून जे घडले ते सांगून टाकतो.

तेव्हा मी तिशीत होतो आणि सोलापुरातल्या एका खासगी हायस्कुलात इतिहास शिकवीत असे. ते दिवस सहभोजनाचे होते. म्हणजे सहभोजनावर बोलण्याचे होते. शाळेच्या वक्तृत्वसभेत मीही त्या विषयावर तासभर बोललो. एका पंगतीला बसल्यावाचून राष्ट्र उभे राहणार नाही, असे मी टेबलावर मूठ आपटून सांगितले. टाळ्या पडल्या, आणि त्या मला फार आवडल्या.

श्रोत्यांत आमचे ड्रॉइंग मास्तर होते. ते माझे जिवलग स्नेही. त्यांचे घराणे दोन पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेले. शुक्रवार पेठेत माझ्या घरापासून चार दारे सोडून ते राहत. त्यांनी घरी जाऊन माझे भाषण पत्नीला जसेच्या तसे ऐकवले. ती बाई कुंभारी गावाकडची, मनातले ओठांवर आणायला वेळ न लावणारी. ती म्हणाली, "मग येऊ द्या की त्यास्नी जेवायला. नाताळ तीन आठवड्यांवर हाय."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ड्रॉइंग मास्तरांनी हे निमंत्रण शिक्षकांच्या खोलीत मांडले. खोलीत आम्ही चौघेच होतो: ते, मी, संस्कृत शिकवणारे वृद्ध शास्त्रीबोवा आणि अक्कलकोटकडचे लिंगायत गणित मास्तर. निमंत्रण तिघांनाही होते. ड्रॉइंग मास्तर एरवी कमी बोलत. त्या दिवशी खडूचे हात पुशीत ते म्हणाले, "माझी बायको दहा वर्षं आमच्या गल्लीत आहे. कुणाची बाळंतीण अडली तर हिला बोलावतात, लग्नात हिची मोठी पातेली नेतात. पण तिच्या हातचा घास अजून गल्लीतल्या कुणी खाल्लेला नाही. तुम्ही आलात तर तिचा नाताळ होईल. नाही आलात तर मी काही मनात ठेवणार नाही. पण ती ठेवील."

"ठेवू द्यायचं कशाला? आम्ही येतो," मी म्हणालो. ही माझी पहिली चूक. उत्तर मी दिले, पण ते मी दिले नव्हते. त्या टाळ्यांनी दिले होते.

गणित मास्तर म्हणाले, "मी तर येणार. पण पान शाकाहारी पाहिजे. अंडंसुद्धा नको."

"ते काय सांगायला हवं? अडचण दुसरीच आहे," ड्रॉइंग मास्तर म्हणाले. "आमच्याकडे नाताळच्या जेवणात मधोमध एक मुख्य पदार्थ असतो. मसाला भरून भाजलेली अख्खी कोंबडी. घरच्या कर्त्या पुरुषानं ती सर्वांदेखत कापायची आणि पहिला तुकडा पाहुण्याच्या ताटात घालायचा. माझे वडील कापत, आता मी कापतो. ते झाल्यावाचून जेवण सुरू झालं असं वाटतच नाही. आता तुमच्यासाठी कापू काय?"

आम्ही तिघे विचारात पडलो. मुख्य पदार्थ ही कल्पनाच आमच्या डोक्यात शिरेना. आमच्या पानात डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये भात. त्यांतला मुख्य कोण हे आजवर कोणी विचारले नव्हते.

"पुरणपोळी," शास्त्रीबोवा म्हणाले.

"ती कापायची कशी? हातानं मोडली तरी पुरण सांडतं," गणित मास्तर म्हणाले. "त्यापेक्षा भरली वांगी."

"एकेका माणसाला एकेक वांगं. त्यात कर्त्या पुरुषाचं काय काम?" ड्रॉइंग मास्तर म्हणाले.

"मग मोठं वांगं घ्या."

"किती मोठं?"

गणित मास्तरांनी हातांनी जे माप दाखवले तेवढे वांगे उभ्या दख्खनेत पिकत नाही. मी फणस सुचवला, पण डिसेंबरात फणस कुठला? मग मी कोबीचा गड्डा सुचवला. शास्त्रीबोवांनी त्याला साहेबी भाजी म्हणून नाक मुरडले. ख्रिस्ताच्या जन्मदिनी साहेबी भाजीला हरकत घेण्यात काही विसंगती आहे, हे आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नाही. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी आम्ही बसूनच होतो.

उठता उठता शास्त्रीबोवा एकदम थांबले. "अहो, तांबडा भोपळा!"

"म्हणजे?"

"अख्ख्या भोपळ्याला बाईमाणूस पहिली सुरी लावीत नाही. आपल्याकडे कुठल्याही घरात विचारा. तो आधी पुरुषानं फोडायचा, मग बायका चिरतात. तुमची ती कापण्याची रीत आमच्या घराघरांत चालू आहे, मास्तर. फक्त कोंबडीच्या जागी भोपळा आहे."

ड्रॉइंग मास्तरांचा चेहरा असा उजळला, की दोन धर्मांच्या मधली भिंत आपण तिघांनी मिळून त्या क्षणी पाडली असे मला वाटले. भोपळा आतून कोरावा, त्यात शेंगदाणे घातलेला मसालेभात भरावा आणि परसात गोवऱ्यांची आगटी करून, हुरडा भाजतात तसा तो निखाऱ्यात अख्खा भाजावा, असे ठरले. गोवरीचा अग्नी शुद्धच, असा निर्वाळा शास्त्रीबोवांनी दिला. मात्र ते पुढे म्हणाले, "आता माझं स्पष्ट ऐका. मी येईन, बसेन, पण शिजलेलं अन्न खाईन असं वचन देत नाही. त्या दिवशी मन काय म्हणेल ते बघू. फार तर फळं खाईन." मला त्यांची कीव आली. म्हातारे जुन्या वळणाचे, असे मी मनाशी म्हणालो.

आणि मग माझे मन मला खाऊ लागले. भीती नेमकी कोणाची होती, हे मी आजही सांगू शकत नाही. मला घरातून कोणी काढणार नव्हते. गल्लीतले चार लोक चार दिवस बोलले असते, एवढेच. पण रोज नाताळ एक दिवसाने जवळ येई आणि मी न जेवण्याची सबब शोधू लागे. अशा अवस्थेत मी एका सकाळी पंचांग चाळले, आणि पाहतो तो नाताळच्या दिवशी एकादशी!

मला जो आनंद झाला त्याची आज लाज वाटते. एकादशीला भात चालत नाही, म्हणजे मसालेभाताने भरलेला भोपळाही चालणार नाही. मी त्या घरी जाईन, बसेन, गोड बोलेन आणि एक घासही न खाता निष्कलंक परत येईन, दोष तिथीचा. त्या वेळी मी चार दारे चालत गेलो असतो आणि "वहिनी, त्या दिवशी एकादशी आहे" एवढे सांगितले असते, तर सारे निभावले असते. मी गेलो नाही. पंचांग मिटून खुंटीवर अडकवले आणि आठ दिवस गप्प राहिलो. शास्त्रीबोवांना तिथी ठाऊक असणारच. विषय तेच काढतील आणि मला तोंडही उघडावे लागणार नाही, असाही माझा हिशेब होता.

नाताळच्या दिवशी सकाळी मी घरी साबुदाण्याची खिचडी पोटभर खाल्ली आणि दुपारी बाराला कोट चढवून निघालो. ड्रॉइंग मास्तरांनी घर सारवून घेतले होते. भिंतीवर रंगीत कागदाच्या पताका होत्या, दारात तारा टांगला होता, आणि आमच्यासाठी टेबल बाजूला सारून पाट मांडले होते. मधोमध चौरंगावर तो भोपळा. निखाऱ्यांनी त्याची साल जागोजाग काळवंडली होती, आणि देठाकडची कापलेली चकती टोपीसारखी त्याच्या डोक्यावर होती. वहिनी नवे इरकली लुगडे नेसून स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या होत्या. त्या आमच्याकडे पाहत नव्हत्या. आमच्या पाटांकडे पाहत होत्या. त्यांवर खरोखरच कोणी बसते की नाही, हे बघत असाव्यात.

आम्ही बसलो. ड्रॉइंग मास्तरांनी डोळे मिटून प्रार्थना केली. मग त्यांनी सुरी उचलली, टोपी काढली आणि भोपळ्याची एक मोठी फोड उभी कापली. आतून जी वाफ आली तिच्यात तूप होते, जिरे होते, ओले खोबरे होते. गणित मास्तरांनी कानडीत काही तरी उद्गार काढला. अर्थ विचारण्याची गरज नव्हती. शास्त्रीबोवांनी वाकून आत निरखून पाहिले.

"पहिली फोड यांना," ड्रॉइंग मास्तर म्हणाले. "भाषण यांनी केलं होतं." आणि ती फोड माझ्या पानात आली.

आता बोलल्यावाचून गत्यंतर नव्हते. मी चेहरा शक्य तितका दुःखी केला. "वहिनी, क्षमा करा. माझ्या आत्ता ध्यानात आलं. आज एकादशी. भात चालायचा नाही हो."

"भात कुटं हाय, भावजी?" वहिनी म्हणाल्या. "वरी हाय ती. शेंगदाणे, खोबरं, हिरवी मिरची. मीठबी सैंधव घातलंय."

"तुम्हाला एकादशी कशी कळली?"

"अवो, बाजारात रताळ्यांचे ढीग लागल्यात की चार दिवस. त्याला पंचांग कशाला पायजे? वहिनीनं भात केला आन भावजी उपाशी गेलं, असं व्हाया नको म्हणून शोधून वरी आणली."

माझ्या पानातल्या फोडीतून वरीचे पांढरे दाणे माझ्याकडे पाहत होते. सगळी दारे बंद झाली होती. सज्जन माणूस अशा वेळी खाली मान घालून जेवला असता. मी मान वर केली आणि म्हणालो, "माझी निर्जळी असते."

"निर्जळी?" शास्त्रीबोवा म्हणाले. "अहो, मागल्या एकादशीला माझ्या घरी रताळ्याचा कीस दोनदा मागून घेतलात."

"ह्याच एकादशीपासून धरली."

"संकल्प केलात?"

"मनात केला."

"पाणीसुद्धा नाही?" गणित मास्तरांनी विचारले.

"थेंबसुद्धा नाही."

वहिनी क्षणभर माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिल्या. मग त्या पुढे आल्या, माझे पान उचलले, पाण्याचा तांब्याही उचलला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "त्यांचा पाट तिकडं खिडकीशी मांडा. वासानं जीव तुटंल माणसाचा." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

मी खिडकीशी बसलो. माझी फोड गणित मास्तरांच्या पानात गेली. ते खाता खाता अधूनमधून माझ्याकडे वळून विचारीत, "निर्जळीला वास चालतो का हो? का नाक धरायला पाहिजे?" शास्त्रीबोवा मात्र अजून स्वस्थ बसले होते. वहिनी हातात पळी घेऊन त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या.

"वरी कोणी शिजवली, बाई?"

"म्याच."

शास्त्रीबोवांनी डोळे मिटले. मला वाटले, आता तेही नाही म्हणणार, आणि सांगायला लाज वाटते, पण त्यांनी नाही म्हणावे अशी माझी मनोमन इच्छा होती. ते डोळे उघडून म्हणाले, "वेलीला लागतं ते फळ. फळं खाईन म्हणून मी आधीच सांगितलं होतं. वाढा. आतलंही वाढा, फळाच्या पोटात जे निघेल ते फळाचंच." ते जेवले. तीनदा मागून घेतले. तिसऱ्या वेळी वहिनी पदराने डोळे टिपीत आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

एवढ्यावर भागले असते तर मी लवकर विसरलो असतो. पण जेवणे झाल्यावर ड्रॉइंग मास्तरांनी, अगदी निर्मळ मनाने, मला सहभोजनावर चार शब्द बोलण्याची विनंती केली. मी उभा राहिलो. सकाळच्या खिचडीने आधीच तहान लागलेली, त्यात समोर पाण्याचे भरलेले पेले. कोरड्या घशाने मी सांगितले, की एका पंगतीला बसल्यावाचून राष्ट्र उभे राहणार नाही. गणित मास्तर मोठ्याने म्हणाले, "व्वा!" मी खाली बसलो.

वहिनींच्या तोंडून ही निर्जळी संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाली. त्या तिचे कौतुकच करीत होत्या. माझ्या पत्नीला ती नळावर कळली. घागर खाली ठेवता ठेवता तिने मला विचारले, "सकाळी माझ्या हातची खिचडी खाल्लीत, ती कोणी?"

मी सर्व कबूल केले. ती म्हणाली, "त्या बाईच्या दारातून खोटं बोलून उपाशी आलात. आता ते खोटं तरी खरं करा. पाळा निर्जळी."

"किती दिवस?"

"तिच्याकडे जाऊन खरं सांगेपर्यंत."

खरे सांगणे चार दारांवर होते. मी निर्जळी पाळणे पसंत केले. यावरून त्या वेळी माझा कणा किती ताठ होता याचा अंदाज वाचकांना येईल. दर पंधरा दिवसांनी पत्नी सूर्योदयापूर्वी माठावर भांडे पालथे घालून वर पाट ठेवी. शाळेत कोणी माझ्यासमोर पाणी पीत नसे; मुले मला वाट करून देत. गल्लीतल्या म्हाताऱ्या मला पाहून हात जोडू लागल्या. ज्या वेळी मी सर्वांत खोटा होतो, त्याच वेळी लोकांनी मला सर्वांत अधिक मान दिला, आणि तो घेताना मी दर वेळी थोडी मान लववीत असे.

पौष, माघ, फाल्गुन निभावले. चैत्रातली एकादशी निभावली नाही. सोलापूरचे ऊन काय असते ते सोलापूरकरांना सांगायला नको. शेवटच्या तासाला पानिपत शिकवता शिकवता फळ्यावरची अक्षरे माझ्या डोळ्यांपुढे फिरू लागली आणि मी खुर्चीसकट खाली आलो. ड्रॉइंग मास्तर आणि गणित मास्तर यांनी मला दोन्हीकडून धरून घराकडे चालवले. गल्लीत ड्रॉइंग मास्तरांचे घर आधी लागे. माझे पाय तिथेच संपले.

वहिनी तांब्याभर पाणी घेऊन धावत आल्या, आणि अर्ध्या वाटेत थांबल्या.

"दे की," ड्रॉइंग मास्तर म्हणाले.

"कशी देऊ? माझ्या हातानं त्यांचं व्रत मोडायचं व्हय? त्यांनी मागू द्या."

तांब्या माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी म्हणालो, "वहिनी, नाताळच्या दिवशी माझी निर्जळी नव्हती. मी खिचडी खाऊन आलो होतो. मी भ्यालो होतो."

"ठावं हाय."

"कसं?"

"तुमच्या मिशीत शेंगदाण्याचा कूट होता की."

गणित मास्तर इतक्या जोराने हसले, की त्यांना माझा हात सोडावा लागला. मी विचारले, "मग तेव्हाच का बोलला नाहीत? गल्लीभर माझं कौतुक का केलंत?"

"घरी आलेल्या पाव्हण्याला खोटं पाडायचं असतंय व्हय?" वहिनी म्हणाल्या. "तुमी निर्जळी म्हणलासा, मी मानली. खरं कळलं असतं तर लोक काय म्हणलं असतं? मास्तर तिच्या घरात येऊन तिला फसवून गेलं म्हणून. त्यापरीस उपास धरला ते बरं. माझी बी लाज राहिली."

मी पाणी प्यालो. सगळा तांब्या प्यालो. मग विचारले, "घरात जेवायला काय आहे?"

"भाकरी आन वांगं. पर थांबा, रताळी उकडते. एकादशी हाय."

"एकादशीचं मी देवाशी बघीन. भाकरीच वाढा. आत नको, ओट्यावर वाढा."

ड्रॉइंग मास्तरांनी ओट्यावर पाट मांडला. शाळा सुटून मुले घरी येत होती, नळावर बायका होत्या, गल्ली भरलेली होती. मी बसलो. वहिनींनी ज्वारीची भाकरी आणि भरले वांगे माझ्यापुढे ठेवले, आणि त्या दाराला धरून उभ्या राहिल्या. पहिला घास घेताना माझे कान इतके तापले होते, की उन्हाचा दोष नव्हता एवढे खात्रीने सांगता येते.

समोरच्या ओट्यावर एक म्हातारी शेंगा निवडत बसली होती. मला हात जोडणाऱ्यांपैकी ती पहिली. तिने सूप बाजूला ठेवले.

"अगं, मास्तरांची निर्जळी ना आज?"

"मोडली," वहिनी म्हणाल्या.

"कुणी मोडली?"

"मी," मी म्हणालो. तोंडात घास होता, म्हणून शब्द जरा जाड निघाला. पण गल्लीत तो सर्वांना ऐकू गेला.

म्हातारी आधी माझ्याकडे आणि मग माझ्या पानाकडे बघत राहिली. ते बघणे बरेच लांबले. नळावरची एक घागर भरून वाहू लागली तरी कोणी ती उचलली नाही. शेवटी म्हातारी वहिनींना म्हणाली, "वास बरा सुटलाय गं. वांग्यात कारळं घातलंस व्हय?"

"घातलंय की," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज मला नीट ओळखू आला नाही. "आणू का वाटीभर?"

म्हातारी हो म्हणाली नाही आणि नकोही म्हणाली नाही. तिने नुसते मांडीवरचे फोल झटकले आणि पाय खाली सोडून बसली. वहिनी वाटी आणायला घाईने आत वळल्या, तेव्हा मी त्यांच्याकडे आणखी एक भाकरी मागितली.